शिंगटी

आडिवऱ्याच्या सड्यावर माझी चिरेखाण होती.
माझी म्हणजे शेटची; मी मशीन चालवायचो.
दिवसाला तीनशे नग, मोड सोडून.
खाली पाणी लागलं, बंद पडली.
आता तिथं पायऱ्यापायऱ्यांची भिंत,
प्रत्येक पायरी एका चिऱ्याच्या उंचीची,
आणि तळाला म्हैस बुडेल एवढं हिरवं पाणी.

भाद्रपदात वालावलकर मॅडम आल्या,
गळ्यात भिंग, पायात गमबूट,
मागे कॉलेजची चार पोरं.
सावलीतल्या भिंतीसमोर गुडघ्यांवर बसल्या,
देवापुढे बसावं तशा नाही,
सांडलेले तांदूळ वेचायला बसावं तशा.
मी म्हटलं, शेवाळ आहे, घसराल.
त्या म्हणाल्या, हे शेवाळ नव्हे. बघा.

बघितलं.
रुपयाएवढा काळपट हिरवा चट्टा, कडेला झालर,
आत निळसर ठिपके
(भाडेकरू, मॅडम म्हणाल्या, भाड्यापोटी खत देतात)
आणि मधून सुया वर आलेल्या,
पाडसाला नुकती फुटावीत तशी शिंगं.
मराठी नाव काय, विचारलं.
पुस्तकात नाही, म्हणाल्या.
नाझनीन मुकादम म्हणाली, शिंगटी म्हणू या,
आणि वहीत तसंच लिहिलं.

मग मॅडमनी हिशेब सांगितला.
खालचा चट्टा अर्धा.
म्हणजे आपल्यात जे जोडीनं असतं
ते त्याच्यात एकेरी.
अर्धा चिरा आम्ही मोडीत टाकतो;
ही जन्मभर अर्ध्यावरच संसार करते.
अंगातच कोनाडे, नराचे वेगळे, मादीचे वेगळे.
पाऊस थांबला, दगडावर ओल राहिली,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी,
की नर निघतो, दोन शेपट्या हलवत.
वहाळ नको, व्हाळी नको.
बोटभर वाट. मध्येच सुकलं तर संपलं.
पोहत? दगडावर?
पोहत. दगडावर.

भेट झाली की दोन अर्ध्यांचं पूर्ण.
तेच शिंग.
पूर्ण होऊनही आईला सोडत नाही,
पाय तिच्या अंगात रुतलेला,
वर स्वतःचं थोडंफार रांधून खातं,
पाणी मात्र खालून तिचंच ओढतं.
आणि वाढतं बुडातून, नख वाढतं तसं.
टोक म्हातारं, बूड तान्हं,
एकाच काडीत.

नेच्याचं उलट, नाझनीन म्हणाली,
आणि गडग्याच्या फटीतून चिमट्यानं काढलं
पत्त्यातल्या बदामासारखं पान,
करंगळीच्या नखाहून लहान.
ही नेच्याची आई.
पोर उभं राहिलं की कुजून जाते.
चाळीस वर्षं त्या गडग्यावर नेचे बघतोय.
आई बघितली नव्हती.

दसऱ्यानंतर एकटाच गेलो.
शिंगं टोकाकडून तपकिरी,
दोन फाकांत उकललेली, पीळ खाल्लेली,
बुडाशी अजून हिरवी.
बोट लावलं. बोटावर काळी पूड.
कण न् कण पुन्हा अर्धा.
वैशाखात सडा तव्यासारखा तापतो,
अनवाणी बैलसुद्धा चालत नाही.
हे तिथं पडून राहतात.

शेट म्हणतोय पंप लावू, अजून दोन थर निघतील.
मी काही बोललो नाही.
पूड पँटीला पुसली.

येताना वायंगणकरांच्या बंगल्याशी थांबलो.
आमच्याच खाणीचा चिरा, गिलावा न केलेला.
मागल्या अंगाला, न्हाणीचं पाणी जातं तिथं,
खालून तिसऱ्या थरावर,
काहीतरी काळपट हिरवं दिसलं.
बसलोच गुडघ्यांवर.
वायंगणकरांची सून दारात आली,
म्हणाली, काय सांडलं हो काका?